लोहारही तिथे होता

(दुपार. शिलाईमशीन, शेजारी वेताची खुर्ची. खुर्चीत काळा चष्मा लावलेले सासरे. सुनेच्या एका हातात ग्रंथालयातलं पुस्तक, मांडीवर उसवलेली पँट.)

सासरे : वर बसलेल्या कुणीतरी हुकूम काढलाय. सगळ्या लेखकांना, सगळ्या प्रकाशकांना. राजरोस फसवणूक चाललीय आणि एकजण तोंड उघडत नाही.

सून : बाबा, मी अजून पान उलटलं नाही. कसला हुकूम?

सासरे : म्हातारा मारायचा नाही.

सून : म्हणजे?

सासरे : इस्पितळातून आल्यापासून बघतोय. म्हणजे ऐकतोय. तरणे मरतात, घोडे मरतात, आख्खे ग्रह फुटतात. म्हातारा तेवढा ठणठणीत.

सून : चांगलंच आहे की. म्हातारे मेलेले बघून तुम्हाला काय मिळणार आहे?

सासरे : खरं वाटायला नको का? जन्मभर बस चालवली मी. शेवटच्या स्टॉपला सगळे उतरतात, ड्रायव्हरसुद्धा. या लेखकांची बस डेपोत जातच नाही.

सून : वाचू का पुढे? संध्याकाळपर्यंत शाळेचे गणवेश द्यायचेत.

सासरे : थांब जरा. दमलोय मी या पुस्तकांना. डोळे गेल्यापासून तू वाचतेस आणि मी ऐकतो. कधी तक्रार केली?

सून : रोज करता.

सासरे : पुस्तकांची करतो. तुझी नाही. ती यानाची पुस्तकं घे. पहिल्या पानावर पृथ्वी जळून खाक. कुणी जाळली, ते विचारायची सोय नाही. मग यान, आणि यानात एक यंत्र. त्या यंत्राला एकटं वाटतं. माणसं कोरडी आणि यंत्र ढसाढसा रडतंय. हे पुस्तक संपवलं की पुढच्यात पुन्हा तेच यंत्र, नाव बदलून.

सून : एका पुस्तकातलं यंत्र तर गाणं शिकलं होतं.

सासरे : शिकू दे. पण एवढी माणसं यानात राहतात, भांडी कोण घासतं? एकानेही लिहिलं नाही.

सून : ते मलाही खटकलं होतं.

सासरे : जादूवाल्यांचं तर विचारूच नकोस. नावं अशी की उच्चारताना तुला धाप लागते. जो पोरका निघेल तो राजाचा मुलगा. एखादा ड्रायव्हरचा निघाला तर काय राज्य बुडेल? आणि एका पुस्तकात गोष्ट मावत नाही त्यांची. पहिला भाग, दुसरा भाग, तिसरा अजून लेखकाच्या डोक्यात.

सून : तरी तुम्हीच म्हणालात, दुसरा भाग आण. ग्रंथालयातल्या बाईंनी इतरांचा नंबर डावलून दिला आपल्याला.

सासरे : आणायलाच हवा होता. सांगतो का ते. आधी त्या खुनाच्या कादंबऱ्या. दोन पानांचं प्रकरण, शेवटी दार वाजतं. उघडलं की मांजर. आणि हल्ली नवीनच खूळ, जो गोष्ट सांगतोय तोच खोटं बोलतो. अर्धं पुस्तक आपण त्याच्यावर विश्वास टाकायचा, मग म्हणायचं, अरे, यानेच सगळं लपवलं.

सून : फॅशन आहे ती आता.

सासरे : असेल. पण एक फायदा झाला. सांगणाऱ्याकडे कान देऊन ऐकायची सवय लागली. लोहार कसा आहे?

सून : कोण लोहार?

सासरे : जादूच्या पुस्तकातला. पहिल्या भागात पुलावर एकटा उभा राहिला, सगळं सैन्य अडवलं, मग नदीत उडी मारून पोहत काठाला लागला. तो.

सून : आहे की. बरा आहे.

सासरे : दुसऱ्या भागात एकदा तरी बोलला?

सून : फारसा बोलका नाहीच तो.

सासरे : पहिल्या भागात तोंड बंद होत नव्हतं त्याचं. आता प्रत्येक ठिकाणी तू वाचतेस, ‘लोहारही तिथे होता.’ तेवढंच. राणी त्याला काही विचारत नाही. कुणी त्याला ताट वाढत नाही. काल त्याची पोरगी जेवणाच्या टेबलावर रडली, म्हणाली, आज बाबा असते तर. आणि तू लगेच वाचलंस, ‘लोहारही तिथे होता.’ बाप शेजारी बसून भाकरी मोडतोय आणि पोरगी म्हणते, बाबा असते तर. कुठला लेखक असं लिहील?

सून : तिथे गडबडले मी. तिचं वाक्य तोंडातून निघून गेलं, मग सावरायला गेले.

सासरे : पुलावरच गेला ना तो?

सून : गेला.

सासरे : कसा?

सून : बाण लागून. चार-पाच पानं आहेत. फार चांगली लिहिलीत. मी आधी एकटीच वाचून बघते ना सगळं, स्वयंपाकघरात. ती वाचली आणि... तुमच्यापुढे मोठ्याने वाचायला नाही जमलं.

सासरे : मग पोहायला लावलंस त्याला. त्या वयात, अंगावर चिलखत असताना.

सून : चिलखत लक्षातच नाही आलं माझ्या.

सासरे : आणि कॉमिकमधला तो आजोबा रोबो? चित्रं मला दिसत नाहीत म्हणून काहीही सांगशील? अर्ध्या पुस्तकात तो चार्जिंगला लावलेला. नातवंडं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, आजोबा चार्जिंगलाच.

सून : हसू नका. त्या पानावर नुसतं काळं चित्र आहे, खाली एक अक्षर नाही. मी काय सांगणार होते?

सासरे : नुसतं काळं आहे, असं सांगायचं. मला काय, काळ्याची सवय आहे.

सून : चुकलं माझं. कपड्यांत रोज तेच करते ना, इथे सोडायचं, तिथे आखडायचं. हात वळला. पुढचं पुस्तक जसं आहे तसं वाचीन.

सासरे : कपड्यांवर ढकलू नकोस. तुला मारता येत नाही असं थोडंच आहे? त्या खुनाच्या कादंबरीत बोगद्यात मेलेला जाडा फौजदार माझ्या वयाचा होता. त्याला तू व्यवस्थित मारलंस, आवाज हलला नाही तुझा. वर म्हणालीस, बरं झालं, फार पाल्हाळ लावायचा.

सून : ते जुनं झालं.

सासरे : जुनं म्हणजे इस्पितळाच्या आधीचं. मग आपण तिथे गेलो. मला बाकावर बसवलं, तुला आत बोलावलं. बाहेर येऊन म्हणालीस, वयोमानाप्रमाणे आहे, काळजीचं कारण नाही. त्या दिवसापासून एकही म्हातारा मेलेला नाही.

सून : बाबा, चहा टाकते.

सासरे : आत्ताच झाला. बस. तुझा नवराही हल्ली माझ्याशी भांडत नाही. परवा मी त्याला बातम्यांवरून मुद्दाम डिवचलं, तर म्हणतो, तुमचंच बरोबर आहे. जन्मात पहिल्यांदा. धाकट्या लेकीचा फोन येतो, जेवलात का विचारते आणि गप्प होते. सगळ्यांना ठाऊक आहे ना?

सून : हे म्हणाले, एवढ्यात नको. धाकटी म्हणाली, कशाला त्यांच्या जिवाला घोर. माझ्याकडून वचन घेतलंय दोघांनी.

सासरे : आणि तुला काय वाटतं?

सून : मला काही वाटून घ्यायला वेळ कुठे मिळाला? आतून बाहेर येईपर्यंत जेवढं सुचलं तेवढं बोलले. मग तेच धरून बसले.

सासरे : राग नाही आला मला. पण लोहाराचे हाल केलेस तू. पुलावर गेला असता तर घरात त्याचं नाव निघालं असतं, लोक रडले असते, शिव्याही घातल्या असत्या. तू ठेवलास जिवंत, आणि कुणी त्याच्याशी बोलेना.

सून : मला सांगता येत नाही, बाबा. खरंच नाही येत.

सासरे : माझ्याच घरात मी तसा बसणार नाही. दुखणं माझं आहे, तुम्हा तिघांचं नाही. आतमध्ये डॉक्टर काय म्हणाले?