लंगडं कासव

"खंड पडला, की नवस पहिल्यापासून," सासूबाई बजावायच्या. एकेचाळीस दिवस अनवाणी अंबाबाईला जायचा सुमित्राबाईंचा नवस काल तिसाव्या दिवशी तापाने मोडला. आज त्या चपला घालून केएमटी बसच्या थांब्यावर बसल्या होत्या. शेजारी दोन पोरी मोबाईलवर वाकलेल्या.

"शबनम, गेममधी रोज खेळणाऱ्यास्नी बॅज हायच की. तू कसला नवा काढलायस?"

"खंड पडून परत आलेल्याचा. आज ग्रुपवर पाठवायचाय."

"चुकलेल्याला बॅज? येडी हायस व्हय!"

"रोज येणाऱ्याला काय, सवय असती. पहिल्यापासनं सुरू करणाऱ्याला इचार!"

"तुलाच इचारते. तुझा खंड पडला तवा आठवडाभर रडत हुतीस!"

"म्हणून तर काढला, ऋता."

"आणि बॅजवरचं कासव लंगडं का गं?"

"लंगडं हाय, पण चाललंय की!"

बस आली तेव्हा सुमित्राबाई चपला पिशवीत घालून देवळाच्या वाटेला लागल्या होत्या.