रतनपूरचा उतार

तुम्हाले सांगते, आमच्या ह्यांच्यासोबत फिरायले जाणं म्हणजे ह्यांची पाठ पाहत चालणं. लग्न झाल्यापासून हे पुढे अन् मी मागे. आमच्या मोहल्ल्यात, तात्यापाऱ्यात, भाजी आणायले निघालो तरी तसंच. परवा रायपूरहून सकाळीच रतनपूरले गेलो, तर किल्ल्यातही हे पुढेच! मग तिथल्या देवळाच्या टेकडीच्या पायऱ्या चढता चढता मी चिडलीच. म्हटलं, "तुमची पाठच पाहायची होती, तर इतक्या दूर काहून आणलं मले?"

हे म्हणे, "मी काय धावून राहिलो का? तूच हळू चालते."

वर एका जोडप्याचं लग्नाआधीचं फोटोशूट सुरू होतं. नवरीचा मेकअप चालला होता, म्हणून फोटोवाला आमच्याकडे आला. "अंकल, ज़रा लाइट चेक करना है. आंटी के साथ खड़े हो जाइए ना."

हे आधी इकडेतिकडे पाहू लागले, कोणी ओळखीचं तर नाही ना!

"अंकल, आंटी का हाथ पकड़िए."

ह्यांनी माझा हात असा धरला, जसं गॅसचं सिलिंडर उचलून राहिले. फोटो निघाला, तिकडून नवरी आली, आम्ही खाली निघालो. हात तसाच. शेवटी मीच म्हटलं, "सोडा आता, लोक पाहून राहिले."

"राहू दे," हे म्हणे, "उतार आहे. पडशील."

अन् आम्ही केव्हाचे खाली पार्किंगमध्ये उभे होतो, बाई!