‘पळ’ आणि ‘पळू नको’

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. ज्यांना पाणी प्यायचंय त्यांनी पिऊन घ्या. आणि मला एक सांगा — देवानं माणसाला जन्म दिला एक. मन दिलं एक. मग त्या एका मनात आवडी इतक्या का भरल्या? चूक झाली म्हणता? भरताना देवाचा हात सैल सुटला?

मोठी माणसं सांगतात, “एक धर, बाकी सोड!” खांबाला टेकलेले काका मान हलवतायत. काका, नातवाला घरी हेच सांगता, हो ना? मग झोपू नका, आजचं आख्यान तुमच्यासाठीच आहे!

गोकुळात एक पोरगं होतं. गाई राखायचं, बासरी वाजवायचं, कुस्ती खेळायचं. लोण्याचं तर तुम्हाला ठाऊकच! यशोदामाय एकदा तरी म्हणाली का, “कान्ह्या, गाई तरी राख नाहीतर बासरी तरी वाजव, दोन्ही केलंस तर एकातही नंबर यायचा नाही”? म्हणाली? अहो, नंबर हा शब्दच गोकुळात नव्हता! तो आपण आणला!

तर प्रश्न असा — ज्याच्या मनात दोन प्रेमं आहेत, त्यानं एकाचा गळा दाबायचा का? ऐका.

सोनवडी नावाचं गाव. घाटाच्या अगदी पायथ्याशी. गावात पिठाची गिरणी, आणि गिरणीवर बसायची शालन निकम. चाळिशीला टेकलेली, दोन लेकरांची आई. दिवसभर दळण. केस पांढरे, भुवया पांढऱ्या — संध्याकाळी ती आरशात बघून म्हणायची, “घ्या! सकाळी तरुण होते!”

गुडघे आखडायला लागले म्हणून ती पहाटे घाटात चालायला जायची. एक दिवस चालता चालता पळाली. का पळाली? कुत्रं मागं लागलं! आणि मंडळी, वळणावर कुत्रं थांबलं, पण ही थांबली नाही! वरच्या खिंडीत पोचली, धापा टाकत खाली बघितलं — सारं गाव ओंजळीत मावेल एवढं! ती हसली. त्या दिवसापासून तिचा घाट सुटला नाही. गावात पळणाऱ्यांचा एक ग्रुप होता, देवकाते सर तो चालवायचे. शाळेतून निवृत्त, गळ्यात शिट्टी, जिभेवर एकच शब्द — “पळ!” शालन त्या ग्रुपात गेली. सगळ्यांसारखा लाल टी-शर्ट मिळाला.

ही झाली एक आवड. दुसरी? गिरणीचा पट्टा फिरायचा — धक् धक् धक् — आणि शालनची बोटं त्या तालावर पिठाच्या डब्यावर चालायची. एकदा भजनी मंडळाचे ज्ञानूतात्या ज्वारी घेऊन आले. मृदंग वाजवण्यात त्यांची उमर गेलेली. उभे राहून ऐकलं आणि म्हणाले, “पोरी, डबा पुरे झाला. आता कातड्यावर ये.”

झाली की गावात कुजबुज! बाई आणि मृदंग? तात्या म्हणाले, “मृदंगाला विचारून आलोय. त्याला चालतंय.”

आणि तिसरी आवड — रविवारी सकाळी मळ्यातल्या विहिरीवर गावच्या पोरांना पोहायला शिकवणं. कमरेला दोरी, पाठीला डबा, आणि शालनची आरोळी, “पाय मार रे, चिखल तुडवल्यासारखा!”

आता गंमत बघा. मैदानावर सर ओरडणार, “पळ!” आणि देवळात तात्या ओरडणार, “पळू नको!”

पुढं बसलेल्या पोरांनो, तात्या असं का म्हणायचे? नाही ठाऊक? मग टाळी वाजवा. मी वाजवतो तशी, संथ. हां... हां... वाजवत राहा... थांबा! थांबा! बघा काय झालं! मी वाढवा म्हटलं होतं? कुणीच म्हटलं नव्हतं! एकानं उचललं, शेजाऱ्यानं त्याच्यावर ताण केली, आणि सगळे सुटलात! यालाच वाजवणारे म्हणतात, लय पळाली! आमचे मृदंगवाले हसतायत, त्यांना विचारा. हळू वाजवणं सोपं, जलद वाजवणंही सोपं. सगळे सुटलेले असताना आपली लय धरून बसणं — ते अवघड! तात्यांनी शालनला सगळ्यात आधी तेवढंच शिकवलं. बोल नंतर.

आणि मग आली परीक्षा! खिंडीची दौड, पायथ्यापासून वरच्या खिंडीपर्यंत. बायकांतल्या पहिल्या तिघींची नावं जिल्ह्याच्या संघात जायची. आणि नेमका तोच दिवस गावच्या सप्ताहाच्या काल्याचा! दौड उजाडता उजाडता, काल्याचं कीर्तन दहाला. तात्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. ते म्हणाले, “औंदा काल्याला तू बसायचं.” सोनवडीच्या काल्याला बाईनं मृदंग धरायचा, हे पहिल्यांदाच घडणार होतं.

सरांना कळलं. सर तडक गिरणीत!

“शालन, सप्ताहभर मृदंग बडवशील, तर दौडीला पाय कुठनं आणशील?”

“घरनंच आणीन की सर. दुसरीकडं कुठं ठेवलेत?”

“चेष्टा नको! तुझं म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या! सकाळी पळणं, संध्याकाळी धिनधिन, रविवारी पोरांच्या डुबक्या! मृदंग खुंटीला टांग. दौड होऊ दे, मग वाजव जन्मभर.”

“सर, थंडीत अंगावर काय घेता?”

“वाकळ घेतो. त्याचं काय इथं?”

“ती कशाची शिवतात?”

मंडळी, वाकळ कशाची शिवतात? चिंध्यांचीच ना! पण मास्तरमाणूस, हरला तरी गुण देत नाही! म्हणाले, “मृदंग नाही सोडलास तर ग्रुपचा टी-शर्ट परत कर.”

दुसऱ्या दिवशी शालननं लाल टी-शर्ट घडी करून त्यांच्या हातात ठेवला. “घ्या. धुतलाय.”

“अगं, मी नुसती भीती घातली होती!”

“मी घाबरले नाही. म्हणून आणून दिला.”

उजाडला दौडीचा दिवस. सगळ्यांच्या अंगात ग्रुपचे टी-शर्ट, आणि शालनच्या अंगात लेकाचा क्रिकेटचा शर्ट! पायथ्याला ढोलपथक. वळणावळणावर ढोलपथक. उत्साहच तेवढा! आणि ढोल म्हणजे कसा? सुरू होतो हत्तीच्या चालीनं, आणि बघता बघता वाघ मागं लागल्यासारखा! शिट्टी झाली. ढोल चढला. आणि पळणाऱ्यांचे पाय आपोआप ढोलाच्या मागं! मघाशी तुमच्या टाळ्यांचं झालं तसंच! पोरी, बाप्ये, सगळे सुसाट!

शालन एकटी मागं. ओठांवर पुटपुट चाललेली — धा धा दिं ता, धा धा दिं ता. एका बोलाला एक पाऊल.

कठड्यावरची पोरं ओरडली, “ओ काकी! शर्यतीला आलाय का दळण द्यायला?”

तिला राग आला, बरं का. आला! पायही शिवशिवले. पण लय धरलेली. तेवढ्यात मागनं फटफटीवर देवकाते सर! टी-शर्ट परत घेतला, पण जीव कुठं परत घेता येतो? आले ओरडत, “शालन, पळ! अगं, पळ की!”

आणि ही घाटात, भर शर्यतीत, छातीवर नंबर लावलेली बाई ओरडली, “नाही पळणार!”

लोक हसून लोळले! “अहो, शर्यतीत येऊन पळणार नाही म्हणते! मग आली कशाला, घाट बघायला?”

सर डोक्याला हात लावून थांबले. त्यांना काय ठाऊक, ती कुठल्या पळण्याबद्दल बोलतेय!

आणि मग घाटानं आपलं काम सुरू केलं. घाट भांडत नाही, वाट बघतो. मघाचे वाघ एकेक करून शेळ्या झाले. कुणी कंबर धरली, कुणी झाडाला मिठी मारली. एक गडी तर रस्त्यावर उताणा पडून आभाळाशी बोलत होता! आणि शालन आली. धा धा दिं ता. त्यांच्या शेजारनं वर, त्याच लयीत. वरच्या वळणावर ढोल अगदी कानाशी वाजला, छाती थरथरली. मनात म्हणाली, “तू तुझं वाजव बाबा, मी माझं वाजवते.”

खिंडीत पोचली तेव्हा तिच्यापुढं बायका होत्या दोघी. म्हणजे शालन तिसरी! हां, पहिली नाही! तुम्हाला पहिली हवी होती, मला कळतंय. पण तिसरी! जिल्ह्याच्या संघात जागा पक्की!

पक्की? थांबा. मेडल देणार पाहुणे. आणि पाहुणे कुठं? वाटेत! पाहुणे नेहमी वाटेतच असतात! वेळ चालली. खाली देवळात पताका लागल्या, दहीहंडी बांधली. शालन उठली.

सर धावत आले. “कुठं निघालीस? समक्ष मेडल घेईल तिचंच नाव पुढं जातं, नियम आहे! अगं, वर्षभर राबलीस याच्यासाठी!”

“काला दहाला आहे, सर.”

“दुसरं कुणी वाजवेल!”

“पळायलाही दुसरं कुणी आहे की. ती बघा, चौथी आलेली पोरगी रडत बसलीय. तिचं नाव लिहा.”

“शालन, मेडल आहे मेडल!”

शालन थांबली. तिला ते हवं होतं, मंडळी. फार हवं होतं! ती म्हणाली, “मेडल वाजत नाही, सर.”

आणि घाट उतरायला लागली.

देवळात बुवा उभे, टाळकरी तयार, आणि मृदंगासमोर जागा मोकळी. शालन आली तशीच — घामाघूम, छातीवर नंबर. एका म्हाताऱ्यानं विचारलं, “बाई, आंघोळ?”

“घाटात झाली!”

तात्यांनी जागा दाखवली. बसली. आणि आता खरं सांगतो — पहिल्याच आवर्तनात चुकली! मांडी घातली आणि पोटऱ्यांत गोळे आले. मागं कुणीतरी लगेच म्हणालं, “म्हटलं नव्हतं?” तिनं ऐकलं. डोळे मिटले. लय मोडू दिली नाही, चुकलेला बोल मागं सोडला, पुढचा धरला. आणि मग असा बसला हात, की गजर झाला तेव्हा तो आंघोळवाला म्हातारा आधी उठून नाचला! हंडी फुटली, दही उडालं, मृदंगाची वादी भिजली, तरी ही वाजवतेच आहे!

त्या दिवशी घरी जाऊन शालन रडली. हो, रडली! दोन प्रेमं करणाऱ्याला कधी कधी किंमत मोजावी लागते. नाही म्हणणारा कीर्तनकार खोटा. पण मृदंग सोडला नाही, आणि दुसऱ्या पहाटे घाटही सोडला नाही.

पुढच्या आठवड्यात देवकाते सर ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत आले. खाली बघत म्हणाले, “उद्यापासून ग्रुपबरोबर येतेस का?”

“येते. पण रविवारी लवकर सोडायचं. विहिरीवर पोरं वाट बघतात.”

सरांनी डबा तिच्यापुढं सरकवला. मग म्हणाले, “बरं. जरा बारीक दळ.”

आता तुमच्याकडं वळतो. “दहावी होऊ दे, मग गा.” “नोकरी लागू दे, मग खेळ.” होऊ दे, होऊ दे म्हणता म्हणता गळा बसतो, गुडघे जातात, आणि माणूस म्हणतो — मलाही एकदा आवडायचं! कुणी विचारलं होतं एवढं थांबायला?

ए बाळ, पुढं बसलेली, हिरव्या फ्रॉकवाली. नाव काय? कार्तिकी. छान! काय आवडतं तुला? कबड्डी. आणि? चित्रं. आणि? सांग की... काय? “बाबा रागावतील”?

बघा! तिसरी आवड ओठांपर्यंत आली, आणि बापाच्या भीतीनं परत आत गेली! कुठं आहेत बाबा? उठू नका, बसा. इथं नका विचारू तिला, चारचौघांत नको. घरी जा, ताटावर बसा, आणि मग विचारा — तिसरं काय? आणि ती जे सांगेल त्यावर फक्त “बरं” म्हणा. देवकाते सरांना जमलं, तुम्हाला का नाही जमणार?

जमलं तर आजचं कीर्तन तुमच्या घरी पोचलं. नाही जमलं, तर मी याच गावात राहतो. हेच आख्यान पुन्हा लावीन — आणि त्या वेळी तुमचं नाव घेऊन लावीन!