सातवा फोटो

डोळ्यांच्या दवाखान्यात सुतारकाकांच्या डोळ्यांत थेंब घालून नर्सने बजावलं, "अर्धा तास डोळे मिटून बसा." ती बाटलीला झाकण लावत होती, तेवढ्यात शेजारी बसलेल्या काकांच्या मुलीने मोबाइल उघडला.

"बाबा, तुम्ही विकायला बनवलेल्या नव्या सोफ्याचे दहा फोटो एकाच पोस्टमध्ये टाकले होते ना?"

"दहा कशाला? सोफा तर एकच आहे."

"एकच फोटो असला की लोक बघून पुढे जातात. दहा असले की सरकवत राहतात, थांबतात."

"मग थांबले?"

"थांबले, पण सगळे सातव्यावरच."

"सातव्यात काय, पायांचं कोरीवकाम?"

"तुम्ही. सोफ्यावर डाराडूर झोपलेले. चुकून गेला तो."

"अरे देवा! काढून टाक."

"कसा काढू? चारशे जणांनी लिहिलंय."

"सोफ्याबद्दल?"

"एकानेही नाही. आणि एक बाई लिहितात, 'हा माझा धाकटा भाऊ. अजून तसाच तोंड उघडं टाकून झोपतो.' कोण या? काहीतरी घोटाळा दिसतोय. तुमची चूक होतेय, असं कळवू ना?"

काकांनी मान दुसरीकडे वळवली. नर्सलाही काही उमगेना, पण तिचा तिथून पाय निघेना.

"बाबा? तुम्ही तर एकुलते एक ना?"

"सोफा विकला गेला का?"

"बाबा!"

"चूक होतेय, असं लिहू नकोस."

"मग काय लिहू?"

"लिही... ताई, घरी कधी येऊ?"