आबांचं खरं फूल

तुम्हाला सांगतो, एका गुलाबानं आमच्या आबांची झोप उडवली. माझ्या लेकीनं घरातल्या प्रत्येकाला जन्ममहिन्याचं फूल कपावर रंगवून द्यायचं काढलं. जूनचं फूल म्हणे गुलाब. आई, काका, आबा, तिघांनाही गुलाबच आला, कारण शाळेत घालताना गुरुजींनी सगळ्यांचीच जन्मतारीख एक जून लिहिलेली.

आबा कप धरून बसले. "मग माझा खरा महिना कुठला?"

"राहू दे की आबा आता."

"सत्तरी गेली. जाताना तरी ठावं पायजे का न्हाय?"

दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नाही. शेवटी गगनबावड्याला थोरल्या बहिणीला फोन लावला.

"आक्का, मी झालो तवा बानं तारीख लिहून ठेवलती का?"

"न्हाय रं. त्याच दिवशी म्हस अडलेली. बा गोठ्यातच बसून हुता."

आबांचा चेहरा पडला. "म्हंजे कुठंच न्हाय?"

"म्हस व्याल्याची हाय की. पंचांगावर लिहिलिया."

आबांनी फोन ठेवला. मग कप नातीपुढं सरकवला.

"पोरी, गुलाब पूस. म्हस काढ."