पाहुण्यांच्या सपाता

विमानतळावरून ॲन आर्बरला निघालेल्या बसमध्ये मागच्या सीटवर अचानक मराठी सुरू झालं, तेव्हा नागपूरहून अमेरिकेत शिकायला आलेल्या विनीताचं पुस्तक उघडंच राहिलं.

"सहा महिने जर्मनीत शिकून आलीस, आणि पहिलं सांगतेस काय, तर सपाता?"

"आई, ऐक ना. मला वाटलं, गोऱ्यांचं घर, म्हणून मी बूट घालूनच आत शिरले. घरमालकीण, फ्राऊ केलर, म्हणाली, थांब. तिच्या दारात बास्केट होती, पाहुण्यांच्या सपातांची. प्रोफेसर आले तरी बूट काढायचे."

"अगंबाई. म्हणजे आपल्यासारखंच."

"मी तिला सांगितलं, माझी आई पण असंच करते."

"करायची. तुझी ती जेनिफर बूट काढ म्हटल्यावर हसली, तेव्हापासून मी कुणाला सांगत नाही. उगाच तुझ्या मैत्रिणी यायच्या थांबायला नकोत. त्या गेल्या की व्हॅक्यूम फिरवते, झालं."

"आय नो. मी जिन्यातून बघायचे."

"कधी बोलली नाहीस ते."

"तिथे रोज सपाता घालताना घरी आल्यासारखं वाटायचं. ते तुझ्यामुळे, आई. म्हणून सगळा युरोप फिरताना ही पिशवी ओढत होते. उघड."

"अगं, या कुणाच्या मापाच्या? केवढ्या मोठ्या."

"पाहुण्यांसाठी आहेत. संध्याकाळी जेनिफर येतेय."

"मी नाही बाई तिला बूट काढायला सांगणार."

"तू नकोच सांगूस. दार मी उघडते."