टेकडीवरून दिसणारं लाल लुगडं

सन छप्पन्नची दिवाळी नुकतीच झाली होती. मांढरे मातेच्या टेकडीवर, देवळाचं दार उघडायची वाट पाहत आम्ही पायऱ्यांवर बसलो होतो. माझ्यामागे एक म्हातारं जोडपं होतं.

“दमलात का हो? एवढीशी तर टेकडी.”

“दमलो नाही, बघून घेतोय. किल्ला, बाड्याचा चौक, सगळं एका नजरेत येतं इथून.”

“आणि आपलं घर?”

“ते काय, गच्चीवर तुझं लाल लुगडं. अगं, सामान काल भोपाळला गेलं, हे कसं राहिलं?”

“राहिलं नाही. ठेवलंय.”

“दुर्गे, आठ वर्षं झाली. ना चिठ्ठी, ना तार.”

“लढाईवर जायच्या आदल्या दिवशी गोविंद इथं आला होता. म्हणाला, आई, तुझ्या लुगड्यावरून घर लगेच सापडतं.”

“त्याची संस्थानी पलटण राहिली नाही, संस्थानही गेलं. आता धाकट्या रमाकांतचं सरकारी दफ्तर भोपाळला हललं, म्हणून आपणही निघालो. घर सापडून तो भेटणार कुणाला?”

“म्हणूनच नव्या भाडेकरणीला सांगितलंय. रोज हे लुगडं वाळत घाल, अन् कुणी आलं तर भोपाळचा पत्ता दे.”

“कबूल झाली?”

“झाली की. म्हणाली, ‘टाँग दूँगी, माँजी. पर कब तक?’”

“मग काय सांगितलंस?”

“म्हटलं, ह्यांना विचारून सांगते.”

दार उघडलं. घंटा वाजली. आम्ही उठलो.

“सांगा ना हो. गाडी संध्याकाळचीच आहे.”